टोपलीत न लागलेला वारा

एकदा एका माळावर एक वृद्ध राहत असे. गरम हवेच्या अजस्र फुग्याखाली वेताची टोपली बांधून तो माणसांना आकाशात नेई. त्याच्याजवळ एक शिष्य होता. शिष्याने वीस वर्षे मालट्रक चालवला होता.

एके दिवशी सूर्योदयाला वृद्ध त्याला म्हणाला, "आज फुगा तू ने. नीट उतरवलास तर उद्यापासून एकट्यानं जायचं. नाही तर परत ट्रकवर."

त्या दिवशी टोपलीत एक व्यापारी होता. वृद्धाने त्याला बजावले, "शेठ, वरून काही टाकायचं नाही. थुंकायचं नाही. उतरताना जायच्या दिशेला पाठ करायची, गुडघे वाकवायचे, दोर घट्ट धरायचा."

फुगा वर गेला. फुग्यात गरम हवा भरणाऱ्या ज्वाळेने डोके तापत होते. ज्वाळा थांबली की सारे निःशब्द. व्यापाऱ्याने रुमाल बाहेर धरला. तो सरळ खाली लोंबत राहिला.

"वारा नाहीच की," व्यापारी म्हणाला. "मला वाटलं, पोटात गोळा येईल. आमचा घरचा झोपाळा याहून जास्त हलतो."

शिष्याच्या गालालाही वारा लागत नव्हता. पण खाली झाडे मागे सरकत होती आणि समोरून धरणाचे पाणी जवळ येत होते. त्याचे हात नकळत स्टिअरिंग शोधू लागले. फुग्याला स्टिअरिंग नसते.

"अण्णा, धरण येतंय."

"दिसतंय."

"वर घेऊ?"

वृद्ध टोपलीच्या कडेवरून वाकला आणि खाली थुंकला.

व्यापारी चिडला. "नियम आम्हालाच का, म्हातारबा?"

वृद्ध पुन्हा थुंकला. "काय पाहिलंस?" त्याने शिष्याला विचारले.

"थुंकलात."

"ते शेठनीही पाहिलं. थुंकी गेली कुठं?"

शिष्य गोंधळला. पाणी समोर आलेले, आणि म्हातारा हे काय विचारतो? चक्कर तर आली नसेल? तरीही तो वाकला. वृद्ध तिसऱ्यांदा थुंकला. थुंकी ओळंब्यासारखी सरळ खाली गेली आणि जमीन जवळ येताच उजवीकडे सरकली. उजवीकडे कापणी झालेले ज्वारीचे रान होते.

शिष्याने माथ्याच्या झडपेचा दोर ओढला. फुग्याच्या माथ्यातून गरम हवा सुटली.

"अरे, पुढं पाणी आणि तू खाली नेतोस?" व्यापारी ओरडला.

शिष्य फक्त थुंकी सरकली ती जागा पाहत होता. टोपली खाली आली. प्रथमच त्याच्या गालाला वारा लागला, आणि कोणी कान धरून वळवावे तशी टोपली उजवीकडे वळली.

व्यापारी अजून रुमालावर विश्वासून ताठ उभा होता. टोपली टेकली, उसळली, आडवी झाली आणि धसकटांतून दहा पावले फरफटत गेली. व्यापारी वृद्धाच्या अंगावर पडला.

"वारा नव्हता ना?" धूळ झटकत तो म्हणाला. "मग आपल्याला ओढलं कुणी?"

वृद्ध आडवा पडल्या पडल्याच बोलला. "वारा वरही होता, शेठ. तुम्ही त्याच्याच चालीनं चालला होता, म्हणून लागला नाही. माणूस ज्याच्यासोबत वाहतो, ते त्याच्या अंगाला कळत नाही. म्हणून अंगाला विचारायचं नाही. आपल्यापासून काहीतरी सोडायचं आणि ते कुठं जातं ते बघायचं. वरचा वारा पाण्याकडे होता, खालचा रानाकडे. वळवायला आपल्या हातात काही नाही. कोणत्या वाऱ्यात शिरायचं, तेवढंच आहे."

व्यापाऱ्याने उठून रुमाल खिशात घातला.

शिष्याने भीत भीत विचारले, "अण्णा, उद्या एकटा जाऊ?"

"पहिल्याच वेळी खाली बघायला हवं होतंस. तिसऱ्या वेळी बघितलंस." वृद्ध उठून बसला. "उद्या मी सोबत येतो. बोलणार मात्र नाही."

शिष्याने मान डोलावली. फुगा गुंडाळायचा राहिला होता. पण तो बराच वेळ धरणाकाठच्या बाभळींकडे पाहत उभा राहिला. शेंड्याची पाने एका अंगाला हलत होती, बुंध्याजवळचे गवत दुसऱ्या.