गोधडीसकट

"पेडल पूर्ण दाबलं म्हणजे किती दाबलं?" वस्तादांनी विचारलं.

"पूर्ण म्हणजे पूर्ण, वस्ताद. त्याच्या पलीकडं दाबता येत नाही इतकं."

"कुणाला?"

रणधीरला हसू आलं. ते त्याने गिळलं. असल्या प्रश्नाला उत्तर काय देणार?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल वस्तादांचं गॅरेज होतं. वस्तादांना इंग्रजीचं अक्षर वाचता येत नसे, पण कुठलीही जुनी गाडी पुढ्यात आणून उभी करा, तिचं दुखणं कुठं आहे ते त्यांना बरोबर समजायचं. रणधीर त्यांच्याकडे दोन वर्षं शिकत होता. तो डिप्लोमावाला. या गाडीसाठी त्याने थेट अमेरिकेहून जाडजूड पुस्तक मागवलं होतं आणि शाळेतल्या पोरासारखं त्याला खाकी कव्हर घातलं होतं. ग्रीसच्या हाताने त्या पुस्तकाला शिवायची कुणाची टाप नव्हती, वस्तादांचीसुद्धा.

गाडी इंगवले अण्णांची. सत्तर सालची, आठ सिलिंडरची, तांबडी लांबलचक अमेरिकन गाडी. गिअर तिचे ती स्वतः बदलायची. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पार दाबला की एक बारीक रॉड गिअरबॉक्सला निरोप द्यायचा, गाडी एक गिअर उतरायची आणि पुढे झेप घ्यायची. त्याला किकडाउन म्हणतात. महिन्यापूर्वी तो रॉड रणधीरने पुस्तकातल्या मापाने बसवला होता. आपल्या हाताने, वस्तादांना न विचारता.

आज सकाळी अण्णांनी गाडी परत आणली आणि चावी बाकावर ठेवली.

"परवा पन्हाळ्याच्या चढाला ट्रकच्या पुढं काढायला गेलो," ते म्हणाले. "पाय दाबला. गाडी झेपच घेईना. समोरून एसटी आली... कसाबसा मागं आलो."

अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर.

"मी स्वतः त्याच चढाला नेऊन बघितलीय, अण्णा," रणधीर म्हणाला होता. "माझ्या पायाखाली पळती की. तुमच्या पायात आता तेवढा जोर राहिला नसंल."

तो हे उर्मटपणे बोलला नव्हता. उलट चांगलं मऊ आवाजात बोलला, आणि तेच जास्त लागलं.

अण्णांनी मान हलवली. साताऱ्याच्या एका माणसाला फोन केला. गाडी विकायचीय, रविवारी येऊन बघा म्हणाले. बायको गेल्यापासून महिन्यातून एकदा त्या गाडीतून एकट्याने पन्हाळ्याला जाणं, तिथं तबक उद्यानात बसून येणं, एवढाच त्यांचा घराबाहेरचा संसार उरला होता. तो त्यांनी एका फोनवर उरकला.

वस्ताद तेव्हा कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला, गाडीचं दार उघडलं, आत बराच वेळ वाकून बघितलं आणि मग हा प्रश्न विचारला. पूर्ण म्हणजे किती?

"अण्णा," वस्ताद म्हणाले, "जरा बसा आत. इंजिन चालू करू नगा."

"आता कशाला, बाबालाल?"

"बसा की. माझ्यासाठी."

अण्णा बसले. वस्ताद रणधीरकडे वळले.

"हात घाल पेडलखाली. उजवा."

"हात?"

"तळवा वर. पालथी बाजू खाली टेकू दे."

रणधीर गुडघ्यावर बसला, दारातून आत वाकला आणि हात पेडलखाली सारला. अण्णांच्या धोतराचा काठ त्याच्या कपाळाला लागत होता. घरात आजोबांच्या पायाशीसुद्धा तो कधी असा बसला नव्हता.

"दाबा, अण्णा."

"अरे, पोराचा हात हाय."

"दाबा. पन्हाळ्याच्या चढाला दाबला तसा."

अण्णांनी पाय ठेवला. पेडल खाली आलं. आणखी आलं. रणधीरची बोटं पेडल आणि खालचा पृष्ठभाग यांच्यात चेपली गेली. त्याने दात आवळले. तरी पाय दाबतच होता...

"बास," तो कळवळून म्हणाला.

अण्णांनी चटकन पाय उचलला.

"लागलं?" वस्तादांनी विचारलं.

"लागलं."

"जोर हाय?"

रणधीर हात चोळत राहिला. त्याची मान वर होईना. सकाळचं आपलं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं.

"आहे," तो म्हणाला. "भरपूर आहे."

"आता बघ, हात कशावर टेकला हुता."

रणधीरने पाहिलं. पेडलखाली गोधडीचा चौकोनी तुकडा अंथरलेला होता, चांगला जाड, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेला. या गाडीची जमीन गिअरबॉक्सच्या आचेने तापायची आणि उन्हाळ्यात अण्णांची टाच पोळायची. म्हणून त्यांच्या बायकोने, सुलोचनावहिनींनी, तो स्वतः शिवला होता. सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांना बंद लावून सीटच्या पायांना बांधायची सोय केली होती. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. गोधडी आपल्या जागेवर होती.

वस्तादांनी एका बंदावर बोट ठेवलं.

"ही गाठ वहिनींची न्हाई."

"माझी," रणधीर म्हणाला. "काम करताना ग्रीस लागू नये म्हणून मी गोधडी काढून ठेवली होती. नीट घडी घालून. मग परत बांधली."

"लई चांगलं केलंस. आणि माप कवा घेतलंस?"

रणधीर त्या गाठीकडे बघू लागला.

"चढाला कवा नेलीस?"

"काढलेली असताना," रणधीर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बोटभर जाडीची गोधडी. तेवढ्याने पेडल आधीच अडत होतं. अण्णांचा पाय पूर्ण दाबत होता, आणि निरोप गिअरबॉक्सपर्यंत जातच नव्हता.

चूक सापडली की शहाण्या माणसाला ती लगेच दुरुस्त करायची घाई होते. रणधीर पुन्हा वाकला आणि बंद सोडू लागला.

"ही काढली की झालं, वस्ताद. पुस्तकातलं माप बरोबरच हाय."

सीटवर बसलेले अण्णा खाली गोधडीकडे बघत होते.

"काढ," ते म्हणाले. "जुनीच झालीय."

रणधीरने एक गाठ सोडली. दुसरीला हात घातला. वस्तादांनी खाकी कव्हरचं पुस्तक उचललं, ग्रीसच्या हातांनीच, आणि त्याच्यासमोर धरलं.

"ह्यात गोधडी हाय?"

"नाही."

"गाडीत?"

रणधीरचा हात थांबला.

मग त्याने सोडलेली गाठ परत बांधली. उठला, पाना घेतला आणि बॉनेट उघडलं.

"अण्णा," तो बॉनेटच्या आडून म्हणाला, "दाबा. टेकलं की धरून ठेवा."

"टेकलं."

त्याने आधी पेडलचा रॉड घेतला. पेडल गोधडीला टेकतं तिथंच कार्बोरेटर पूर्ण उघडेल असा तो जुळवला. मग त्याच्या जोडीने किकडाउनचा. अर्धा आटा. पुन्हा अर्धा.

"सोडा... परत दाबा."

"टेकलं, बाळ."

असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. अण्णा एकदाही कंटाळले नाहीत. शेवटचा नट आवळून रणधीर दाराशी आला. बोलायचं काय ते त्याने ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं.

"अण्णा, सकाळी मी चुकीचं बोललो."

अण्णांनी शेजारच्या सीटवर हात थोपटला. "बस. जाऊन येऊ."

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढचा चढ लागला. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर होता, समोरचा रस्ता लांबवर मोकळा. अण्णा क्षणभर थांबले. रणधीरला त्यांचा श्वास ऐकू आला. मग पाय खाली गेला, गोधडीला टेकला, आणि गाडीने एक गिअर उतरून अशी झेप घेतली की रणधीरची पाठ सीटला चिकटली.

ट्रॅक्टर मागे राहिला. अण्णांनी पाय सैल केला.

"ती इथं बसायची तेव्हा दरवेळी ओरडायची," ते म्हणाले. "हळू, हळू म्हणून." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसत होते.

परत यायला जेवणाची वेळ टळून गेली. अण्णा गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. इंजिन चालूच ठेवून त्यांनी काच खाली केली.

"बाबालाल, रविवारी साताऱ्याचा माणूस इथं आला तर सांग, गाडी पन्हाळ्याला गेलीय."

"सांगतो."

तांबडी गाडी कोपऱ्यावरून वळली. रणधीर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभा राहिला. मग पुस्तक उचललं. खाकी कव्हरवर वस्तादांची पाचही बोटं काळीकुट्ट उमटली होती. त्याने ती पुसली नाहीत.

"वस्ताद, ते माप बरोबर होतं का चूक?"

वस्ताद डबा उघडत होते. भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी.

रणधीर हात धुवायला नळाकडे निघाला. तोटी फिरवणार तेवढ्यात त्याला उजव्या हाताची पालथी बाजू दिसली. ग्रीसखाली लाल झालेल्या कातडीवर बारीक बारीक ओळी उठल्या होत्या, एकीखाली एक, सरळ. गोधडीचे टाके. पुसट व्हायला लागले होते, पण मोजता येत होते.

तो नळाशी उभाच राहिला...

वस्ताद उठून त्याच्याजवळ आले. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला.

"हात ऱ्हाऊ दे तसाच," ते म्हणाले. "आ कर."