ओल्या खळीचा गुंता

त्या दिवशी सकाळपासून आभाळ मळकं होतं. पाऊस पडेना, ऊनही पडेना. वारा कुठं दडून बसला होता कोण जाणे. अंगाला नुसता चिकटपणा, आणि चालणाऱ्याचं पाऊल जड.

फार मागच्या काळातली ही गोष्ट. अशा त्या दिवशी एक मेंढपाळ माळ तुडवत विणकरांच्या गावाला चालला होता. त्याचा कळप रोगानं गेला होता, एक कोकरूसुद्धा मागं उरलं नव्हतं. माणूस तसा पोक्त, कानाजवळचे केस पांढरे झालेले. या वयात त्याला नवं काम शिकायचं होतं, आणि शिकवणारा मिळत नव्हता. कुंभारांकडं जाऊन आला, सुतारांकडं जाऊन आला, तेल्याच्या घाण्यावरही विचारून झालं. घोंगडी विणणाऱ्यांचं हे गाव शेवटचं. इथंही कुणी हाताखाली घेतलं नाही, तर बायकोला आणि लेकीला मागं ठेवून दूर बंदरावर ओझी वाहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. बंदरावर गेलेली माणसं सहसा परत येत नसत.

विणकरांच्या गल्लीत पहिल्या दारात त्याला विचारलं, "कुणाच्या ओळखीनं आलास?"

"कुणाच्याच नाही."

"मग आधी ओळख काढून ये."

दुसऱ्या दारात एका बाईनं त्याचे तळवे बघितले आणि ती म्हणाली, "दादा, हे हात काठीला वळलेत. आता धाग्याला नाही वळायचे."

असं करत तो गल्लीच्या टोकाला आला. तिथं एक म्हातारा विणकर सुजलेला पाय लांब करून ओट्यावर बसला होता.

"काय पाव्हणं, काय काढलंत?"

"काम शिकायचंय, बाबा."

"विणता येतं का?"

"नाही."

"मग तुला ठेवून काय करू?"

मेंढपाळानं विचारलं, "आणि येत असतं तर?"

"तर शिकायला कशाला आला असतास?" म्हातारा आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. मेंढपाळालाही हसू आलं असतं, पण हसायलाही अंगात जोर लागतो.

म्हाताऱ्याच्या शेजारचं घर शेवटचं. तिथला विणकर गल्लीत सगळ्यांत कसबी आणि सगळ्यांत तिरसट. दारासमोर खुंट्यांवर लोकरीचे धागे लांबच लांब ताणून तो त्यांना खळ चोपडत होता. खळ म्हणजे चिंचोक्याची पेज. ती वाळली की धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. ओले धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधून बांबूच्या कांब्या घातलेल्या असतात.

मेंढपाळानं विचारायच्या आतच तो म्हणाला, "जागा नाही."

"पुढं कधी?"

"पुढंही नाही. आणि सावली पाडू नको, खळ वाळत नाही माझी."

ऊनच नव्हतं, तर सावली कुठून पडणार? पण मेंढपाळ मुकाट्यानं बाजूला झाला.

दुपारी सगळी गल्ली घोंगड्या घेऊन बाजाराला गेली. तिरसट विणकरही घरच्यांना घेऊन गेला. पावसाचे दिवस नव्हते, म्हणून खळ लावलेले धागे तसेच बाहेर वाळत राहिले. मेंढपाळाला घरचा रस्ता धरायचं त्राण नव्हतं. तो समोरच्या लिंबाखाली बसला, फडक्यातली भाकरी मोडली, ती पण निम्मी तशीच राहिली.

आणि बारीक बुरबुर सुरू झाली.

मेंढपाळ धडपडत उठला. पाऊस आला आणि लोकर उघड्यावर, एवढंच त्याला दिसलं. जन्मभर पावसात धावायची सवय. त्यानं भराभर खुंट्या उपटल्या, कांब्या ओढून काढल्या, सगळे धागे भिजलेल्या कोकरासारखे छातीशी धरले आणि विणकराच्या ओसरीवर नेले. लोकर ओली होती. ओल्या लोकरीला मेंढपाळ दुसरं काय करणार? त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट पिळली.

"अरे पिळू नको! पिळू नको!" शेजारचा म्हातारा पाय ओढत ओट्याच्या कडेला आला होता. "मेंढरू आहे का ते पिळायला? खळ आहे त्याला!"

तोवर उशीर झाला होता. ताणलेल्या धाग्यांचा एक चिकट गोळा मेंढपाळाच्या हातात होता.

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "आता तो आला तर तुझीच लोकर काढेल. जा, पळ. मी काही बघितलं नाही."

मेंढपाळानं रस्त्याकडं बघितलं. मग गोळ्याकडं बघितलं.

"पळायला पायात जोर नाही, बाबा," तो म्हणाला. "आणि लोकांच्या दारात घाण करून जायचं, ते बरं दिसत नाही."

तो तिथंच बसला. गोळ्याची एक कड धरून एक एक धागा सुटा करायला लागला. आधी धागे तुटत होते. मग त्याच्या ध्यानात आलं, वळचणीच्या पाण्यात बोट बुडवून लावलं की खळ सैल होते आणि धागा आपणहून सुटतो. सुटलेला धागा तो सरळ करून बाजूला ठेवी आणि पुढचा धरी. मान भरून आली, डोळे चुरचुरायला लागले.

सांजेला गल्ली बाजारातून परत आली. ओसरीवरचा गोळा बघून विणकर जागीच थांबला.

"कुणी केलं हे?"

म्हाताऱ्यानं आपल्या ओट्यावर तोंड फिरवलं. मेंढपाळ म्हणाला, "मी."

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"कुणी नाही."

"माझी आई, माझी बायको, माझी सून, तिघींनी कातलेलं सूत आहे हे!"

"होय."

"होय काय! आता काय करणार आहेस?"

"सोडवतोय."

विणकरानं गोळा उचलला, खाली आपटला. मग त्याची नजर बाजूला नीट लावून ठेवलेल्या धाग्यांवर गेली. तो आत गेला. जरा वेळानं आतून आवाज आला, "उद्या सकाळी ये. माझ्या दारात हे असं पडलेलं मला चालायचं नाही."

मेंढपाळ दुसऱ्या दिवशी आला. मग रोजच येत राहिला. गोड कुणी बोललं नाही. तुटलेल्या धाग्यांना तो गाठी मारायला लागला, तेव्हा विणकर खेकसला, "गाठ नको! मागावर अडकते. पीळ देऊन जोड." विणकराच्या आईनं पीळ कसा द्यायचा ते एकदा दाखवलं. गोळा लहान होत गेला आणि एके दिवशी संपला. तेव्हा विणकर म्हणाला, "बसलास काय? त्या खुंटीकडचं टोक धर." मेंढपाळानं टोक धरलं. नव्या धाग्यांना खळ लागली, आणि या वेळी कांब्या त्यानंच घातल्या.

घरी बायको विचारायची, "ठेवून घेतलं का हो त्यांनी?" त्या गावात शिकाऊ माणूस घेतला की मागासमोर नारळ फोडायची रीत होती. नारळ काही फुटला नव्हता. बंदराला जायचं गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं.

मग एका दुपारी विणकर मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून उठला, कंबर धरून बाजूला झाला आणि म्हणाला, "बस. पाय हळू मार." मेंढपाळ खाली उतरून बसला. सांजेपर्यंत त्याच्या हातून वीतभर घोंगडी विणून झाली. काठ वाकडा आला. विणकरानं वाकड्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "उद्या सरळ कर."

घरी निघताना मेंढपाळ शेजारच्या ओट्यापाशी थांबला. "बाबा, मला ठेवून घेतलं, असं म्हणायचं का? कुणी बोललंच नाही."

यावर म्हातारा शेजारी जे म्हणाला, तेच या गोष्टीचं तात्पर्य:

"अरे, दारात उभं राहून काम मागणाऱ्याला नाही म्हणायला काय लागतं? मी पण म्हणालोच की. पण आपल्या हातून बिघडलेलं पुढ्यात घेऊन जो सोडवत बसतो, त्याला ऊठ म्हणायला जीभ उचलत नाही रे कुणाची. जा घरी. आज निवांत झोप."