ऐकणारा डोंगर आणि वीरक पाथरवट

एकदा काय झालं, सह्याद्रीच्या एका कड्यात भिक्खूंसाठी लेणं कोरायचं काम चाललं होतं. किती वर्षं म्हणाल, तर ज्यांनी सुरू केलं ते म्हातारे होऊन गेले आणि त्यांची मुलंही म्हातारी झाली. तिथं वीरक नावाचा पाथरवट होता. त्यानं रेघ मारली की ओळंब्यानं मान खाली घालावी, असा हात. सुजाते, पांघरूण ओढून घे आधी. ही गोष्ट हसायची नाही, सांगून ठेवते.

तर तो डोंगर साधासुधा नव्हता. तो ऐकायचा. बोललेलं नाही, मनातलं ऐकायचा. ज्या भिक्खूसाठी खोली कोरायची त्याच्याबद्दल पाथरवटाच्या पोटात माया असली, की दगड खरवसासारखा सुटायचा. पोटात काळं असलं, की छिन्नीचं टोक मोडायचं. आणि ज्यानं खोलीची रेघ आखली त्यानंच ती पुरी करायची. दुसऱ्याचा हात तिथं चालायचाच नाही, बरं का.

वीरकानं वीस वर्षं दगड फोडला. आईबाप लहानपणीच गेले होते, धाकट्या भावाला, सोणकाला, त्यानंच भरवून वाढवलं. हा मार्गाला लागला की हातोडा खाली ठेवायचा, चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, घ्यायचं आणि आपणच कोरलेल्या खोलीत डोळे मिटून बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण सोणक कसला मार्गाला लागतोय? दिवसा फासे, संध्याकाळी ताडी. छिन्नी हातात घ्यायची म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. आणि भिक्खू दिसले की त्यांची नक्कल करून लोकांना हसवायचा.

मग वीरकाला खोकला लागला. दगडाची धूळ फार वाईट रे बाळांनो, छातीत बसली की बसली. मग खोकल्यात रक्त आलं. मग अंगावरचं मांस उतरलं. वैद्यानं नाडी धरली आणि "दूध पी" एवढंच म्हणाला. वैद्य नुसतं दूध पी म्हणाला की काय ते समजायचं. वीरक समजला.

तो घाईघाईनं थोरल्या भंतेंकडे गेला आणि म्हणाला, आता मला चीवर द्या. चीवर देण्याआधी सगळ्या संघासमोर काही प्रश्न विचारायची रीत आहे. महारोग आहे का? गळवं आहेत का? कोड? शोष? फेफरं? शोष म्हणजे हाच तो, छातीचा. नाही म्हणाला असता तर कुणी त्याची छाती फोडून बघणार नव्हतं. पण खोटं बोलून कसला भिक्खू व्हायचा? वीरक मान खाली घालून म्हणाला, "शोष आहे, भंते."

पूर्वी काय व्हायचं, आजारी माणसं औषधपाण्यासाठी चीवर घ्यायची आणि बरी झाली की घरी पळायची. म्हणून तो नियम झाला होता. वीरक तसा नव्हता, पण नियमाला माणसं कुठं ओळखू येतात? भंतेंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला जवळ बसवलं.

"चीवर मला देता येत नाही, वीरका. पण दुसऱ्याचं मन उजळलं की त्याचा आनंद तुला करता येईल. त्याला मुदिता म्हणतात. तिला रोग आडवा येत नाही."

वीरकाला ते मुळीच आवडलं नाही. उपाशी माणसाला दुसऱ्याचं ताट दाखवावं तसं वाटलं. पण करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तो बरं म्हणाला.

मग त्या साली तीन नवे भिक्खू झाले आणि तिघांच्या खोल्या वीरकानं आखल्या. पहिला देवल कुंभार, त्याचा जुना सोबती. कुणाचं भलं झालं की भिक्खू तीनदा "साधु" म्हणतात ना, तसं वीरक देवलसाठी अगदी मनापासून म्हणाला. खोली भराभर निघाली. दुसरा होता एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा. लोण्यासारखे हात आणि जेवणाची सारखी कुरकुर. छिन्नी मोडली. वीरकानं दुसरी घेतली, तीही मोडली. मग तो जाऊन त्या पोराला नुसता बघत बसला. बघतो तर तो एका जर्जर भिक्खूची घाण काढतोय, नाक मुरडतोय, ओकारी गिळतोय, पण काढतोय. वीरकाला माया काही आली नाही, पण राग गेला. डोंगराला तेवढ्यानं चाललं.

आणि तिसरा कोण? सोणक! झालं असं, की एक दिवस हा लेण्यापुढं बसून भिक्खूंच्या ध्यानाची नक्कल करत होता. डोळे मिटले, पाठ ताठ केली. लोक हसले. आणि याचे डोळे काही उघडेनात. लोक हसायचे थांबले, कंटाळून घरी गेले, तरी हा बसलेलाच. दिवस मावळताना उठला तो निराळाच माणूस. वीरकाला वीस वर्षांत जे गवसलं नाही, ते या टवाळाला एका दुपारी गवसलं. संघानं त्याला विचारलं, शोष आहे का? नव्हता. त्यानं कधी धड दगड फोडलाच नव्हता, छाती स्वच्छ होती. त्याला चीवर मिळालं.

वीरकानं खोली तर आखली, पण तिसऱ्या खोलीचा दगड लोखंड झाला. एक, दोन, सात छिन्न्या मोडल्या. वीरक मोठमोठ्यानं साधु, साधु ओरडायचा. डोंगर तोंडचं कुठं ऐकतोय? आणि वेळ थोडा होता. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूला एका जागी छपराखाली राहावं लागतं. खोली झाली नाही, तर सोणकाला घाटापलीकडच्या लेण्यात जावं लागणार होतं. वीरकाकडं तीन महिने नव्हते. म्हणजे भाऊ पुन्हा दिसणारच नव्हता. त्याला भाऊ जवळ हवा होता, आणि भावाचं तोंड बघवत नव्हतं. असं होतं माणसाचं.

शेवटी जायचा दिवस आला. सोणक निरोप घ्यायला आला. आता रीत अशी, की भिक्खू गृहस्थापुढं वाकत नाही, गृहस्थानं भिक्खूपुढं वाकायचं. मग भाऊ थोरला का असेना. वीरक ज्याला मांडीवर घेऊन भरवायचा, त्याच्या पायाशी वाकला. वाकताना खोकल्याची ढास लागली. सोणकानं त्याला धरलं.

"दादा, देता आलं असतं तर सगळं तुला दिलं असतं."

वीरकाला त्याचे हात दिसले. ताडीनं थरथरणारे ते हात आता स्थिर होते. मग त्यानं तोंडाकडं बघितलं. आई गेल्यापासून या पोराच्या डोळ्यांत एक भीती होती. ती जावी म्हणून वीरकानं त्याला कुशीत घेतलं होतं, रागावलं होतं, मारलं होतं, त्याच्यासाठी तो रडला होता. ती भीती आता नव्हती. कुठंच नव्हती. वीरकाचा ऊर भरून आला आणि तोंडातून साधु यायच्या ऐवजी निघालं, "साधलं!"

लहान भिक्खू फिसकन हसले. त्यांना काय ठाऊक? कड्यावर मोठा धोंडा फोडायचा असला की पाथरवट पाचरी ठोकतात आणि आळीपाळीनं घण घालतात. शंभर घाव पडतात. शेवटच्या घावाला धोंडा सुटला, की सगळे मिळून ओरडतात, साधलं! कुणाच्या घावानं सुटला, हे कुणी विचारत नाही. पहिला घाव घालणाराही ओरडतो, कारण धोंडा सगळ्यांचाच.

मग वीरकानं छिन्नी मागितली. दगड खरवसासारखा सुटला. सोणकानं जाणं थांबवलं. दोघे पाथरवट वीरकाला बसवून धरायचे आणि तो कोरायचा. तीन दिवसांत दार झालं, निजायला दगडी ओटा झाला. सोणक आत राहायला गेला. वीरकानं आपलं अंथरूण दाराबाहेरच्या पडवीत घातलं.

तुम्हाला वाटलं असेल, आता डोंगर त्याला बरं करणार. नाही केलं. डोंगर ऐकायचा, औषध द्यायचा नाही. वीरक झिजतच गेला. सोणक त्याला पेज भरवायचा, पाठ चोळायचा. एकदा त्यानं विचारलं, "दादा, अजून वाईट वाटतं का रे?"

"वाटतं," वीरक म्हणाला. "सकाळी तू ध्यानाला बसलास की वाटतं. मग तुझा श्वास संथ झालेला ऐकू येतो, आणि बरं वाटतं. दोन्ही वाटतं. आज बरं थोडं जास्त वाटलं."

पावसाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात एका सकाळी, सोणक आत बसलेला असताना, वीरक गेला. सोणक बाहेर आला आणि रडला. भिक्खू असून पोटभर रडला. थोरल्या भंतेंनी त्याला रडू दिलं.

मग सोणक त्या खोलीत म्हातारा होईपर्यंत सुखानं राहिला. देवलही राहिला, तो व्यापाऱ्याचा मुलगाही राहिला, कुरकुर मात्र शेवटपर्यंत गेली नाही. वीरक तेवढा नव्हता. आता कुणाला रडायचं असलं तर रडून घ्या, मी काही म्हणणार नाही. मग कुशीवर वळा, आणि निजा.