परवच्याला गप्प राहणारी मुलगी

फार पूर्वी, पाटी-पेन्सिलीच्या काळात, एका गावात मोठे शिस्तीचे एक गुरुजी होते. परवच्यावर त्यांचा भारी जीव. शाळा सुटण्याआधी सगळ्या मुलांनी मांडी घालून, एका सुरात, खड्या आवाजात पाढे म्हणायचे. वर्षाअखेरीस हाच परवचा गावासमोर व्हायचा आणि गुरुजी रांगांमधून फिरत बघायचे. ज्याचं तोंड चालू तो पास, ज्याचं बंद तो नापास. झाली परीक्षा!

चिमा नावाची मुलगी यात दोनदा नापास झाली होती. परवचा सुरू झाला की ती कानांवर हात घट्ट दाबायची आणि नुसती झुलत राहायची. तिसऱ्यांदा नापास होणाऱ्याचं नाव शाळेतून कमी होत असे, आणि चिमाची ही तिसरी खेप होती.

"हट्टी आहे," गुरुजी म्हणत. "लाडावून ठेवलीया," पाटील म्हणत. "नजर लागली असंल," शेजारीण म्हणे. आई बिचारी सगळ्यांचं ऐकून घेई, मीठमोहऱ्या ओवाळून टाकी आणि सांगे, "घरी सारखी पाढे पुटपुटती हो, गुरुजी." गुरुजी मान हलवून सोडून देत. आईला काय, आपलं लेकरू शहाणंच वाटणार!

परीक्षेच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत गुरुजी विहिरीकडे निघाले, तर चिमा चिंचेभोवती फेऱ्या मारत होती. पावलागणिक सतराचा पाढा चालला होता. "सतरा आठे एकशे सव्वीस..." ती थांबली, एक पाऊल मागे आली. "एकशे छत्तीस." आणि पुढे चालू लागली.

गुरुजी चाटच पडले. "अगं, येतं की तुला! मग परवच्याला तोंडाला कुलूप का?"

चिमा झाडाकडेच बघत म्हणाली, "सगळे एकदम बोलले की माझ्या डोक्यातले आकडे सांडतात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही 'म्हण, म्हण' म्हणालात. का म्हणत नाहीस, ते नाही विचारलंत."

गुरुजींना फार वाईट वाटलं. आपण एका लेकराला उगाच तीन वर्षं छळलं, हे त्यांच्या मनाला लागलं.

दुसऱ्या दिवशी गाव जमला. गुरुजी म्हणाले, "यंदा एकेकानं चिंचेखाली यायचं. बसून म्हणा, उभं राहून म्हणा, फिरत म्हणा."

पाटील खवळले. "एका पोरीपायी रीत मोडता? शिस्त कुठं ऱ्हायली?"

गुरुजींनी तरीही पहिली हाक चिमालाच मारली. ती चिंचेभोवती फेऱ्या मारत पाढा म्हणू लागली. दोनदा चुकली, दोन्ही वेळा स्वतःच सुधारलं. पास झाली. आईनं पदरानं डोळे पुसले.

मग पाटलांचा नातू आला. परवच्यात सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच! "सतरा एके सतरा," तो गरजला, आणि गप्प झाला. पुढचं येईना. त्याच्यामागून आलेली निम्मी मुलंही तशीच निघाली. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या ओळीचं शेपूट पकडून ओरडत होती बिचारी.

गुरुजींनी नातवाच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस, बाळा. तुला कसं जमतं, ते उद्यापासून आपण दोघं मिळून बघू."

पाटलांचा आवाज खाली आला. "मग इतकी वर्षं तुम्ही तपासत काय होता, गुरुजी?"

"तोंडं, पाटील," गुरुजी म्हणाले. "पाढे मी आजच ऐकले."

तात्पर्य इतकंच: मुलाला काय येतं हे कळायला हवं असेल, तर त्याला जसं सांगता येतं, तसं ते ऐकून घ्यावं.