बाकावरचे वडील

सेवासाथी क्लबाची सभा दर गुरुवारी भरायची आणि दर गुरुवारी अध्यक्ष धुंडिराज शेट्ये काहीतरी दान करायचे. एकदा त्यांनी दवाखान्याबाहेर म्हाताऱ्यांसाठी बाक दिला. पाठीवर फोटो लावला तर टेकणारे झाकून टाकतील, म्हणून आपल्या कैलासवासी वडिलांचा फोटो त्यांनी थेट बैठकीच्या फरशीवरच छापून घेतला.

झालं! महिनाभर त्यावर एक माणूस बसेना. लोक चपला काढून नमस्कार करायचे आणि बाजूला उभे राहायचे. कुणीतरी तर उदबत्तीही लावली.

मग क्लबाचे जिल्ह्याचे पाहुणे बाक बघायला आले. रोज दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या गोदाक्का गुडघे धरून उभ्या होत्या. त्यांच्यावर अध्यक्ष खेकसले, "बसा म्हणतो ना! नाहीतर बाक उचलून नेतो."

"बसते की," गोदाक्का म्हणाल्या. "पण वडीलधाऱ्यांच्या तोंडावर कसं बसायचं, ते आधी तुम्ही दाखवा. वडील तुमचेच आहेत."

पाहुण्यांनी कॅमेरा सरसावला. अध्यक्ष अर्धे वाकले, वडिलांशी नजरानजर झाली आणि ते ताडकन सरळ झाले.

"गवंड्याला बोलवा," ते घाम पुसत म्हणाले. "ही फरशी उखडा."

"सावकाश उखडा हो, वडील आहेत," गोदाक्का म्हणाल्या. "मी थांबते. महिनाभर उभीच आहे."