पुसता दगड, सांगता दगड

फार पूर्वी, नदीवर पूल बांधावा असे अजून कुणाच्या मनातही आले नव्हते, त्या काळची ही गोष्ट. एका गावाच्या उतारावर, म्हणजे नावेने नदी ओलांडायच्या जागी, एक नावाडीण राहत असे. तिचा नवरा तापाने गेला होता, आणि तेव्हापासून माणसांना पैलतीरी नेण्याचे काम ती एकटी करीत होती.

एके दिवशी सकाळी तिने नाव काठावर पालथी घातली होती. फटींमध्ये कापूस दाबून ती वरून गरम राळ ओतत होती. तेवढ्यात कोतवाल आला.

“बाई, न्यायसभेत बोलावणं आहे. तुमच्या दिराने नावेवर दावा लावलाय.”

“कुठल्या दिराने?”

“तुम्हांला दीर किती?”

“एकच.”

“मग त्यानेच.”

नावाडिणीने मान हलवली, पण हात थांबवला नाही. राळ थंड झाली की फट बुजत नाही. फट बुजवून झाल्यावर मात्र ती नावेला टेकून खाली बसली. ज्याची नाव त्याचा उतार, असा त्या राज्याचा नियम होता. नाव गेली तर उतार जाणार होता, आणि उतारावरची झोपडीही.

न्यायसभेच्या अंगणात दोन दगड होते. एक उंच, एक ठेंगणा. उंच दगडावर उभे राहून वकील प्रश्न विचारत. तो पुसता दगड. ठेंगण्या दगडावर बसून पक्षकार उत्तर देई. तो सांगता दगड. सांगत्या दगडावर बसलेल्याने विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचे नाही, अशी रीत होती. पण बोलण्याच्या भीतीने पुष्कळ लोक तिथे बसतही नसत. त्यांच्या वतीने वकीलच पुसत आणि वकीलच सांगत.

दिराने तसेच केले होते. तो एका खांबाआड उभा राहून स्वतःच्या पायांकडे बघत होता.

त्याचा वकील पुसत्या दगडावर चढला आणि म्हणाला, “महाराज, नावाडी आजारी असताना माझे पक्षकार त्याच्या भेटीला गेले होते. तेव्हा थोरल्या भावाने आपली नाव त्यांना देऊन टाकली. ती अजून बाईंकडेच आहे. ती मिळावी.”

न्यायाधीशांनी नावाडिणीकडे पाहिले. “बाई, तुमचे वकील कोण?”

“कुणी नाही.”

“सभेत पुष्कळ आहेत. एखादा नेमून देतो.”

“नको महाराज. घरधन्यांबद्दल मी आधी परक्याला सांगायचं, मग त्याने ते सगळ्यांना सांगायचं. वाटेत काय सांडेल कोण जाणे. मीच बोलते.”

“पण कुणी पुसल्याशिवाय तुम्हांला सांगता येणार नाही.”

“मग पुसते की.”

तिने पदर कमरेला खोचला, ती पुसत्या दगडावर चढली आणि समोरच्या रिकाम्या दगडाला म्हणाली, “बाई, नाव कुणी बांधली?”

मग ती खाली उतरली, पदर डोक्यावर घेतला आणि सांगत्या दगडावर बसली. “घरधन्यांनी. स्वतःच्या हातांनी.”

पुन्हा उठून तिने पदर खोचला. “ते गेल्यावर नाव कोण चालवतं?”

पुन्हा बसून तिने पदर घेतला. “मी.”

सभेत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडले, “बाई, मधे एक शिडी बांधून घ्या!”

“नाव चालवते, दादा,” ती म्हणाली. “चढउताराची सवय आहे.”

आणि ती पुन्हा चढली. “बाई, शेवटच्या दिवशी काय झालं?”

या वेळी उतरायला तिला थोडा वेळ लागला. खाली बसून ती म्हणाली, “मी उशाशी बसले होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. पैलतीरावरून हाक आली. गावात कुणाची तरी लेक अडली होती आणि सुईण पलीकडे खोळंबली होती. मी हात खाली ठेवला आणि उठले. तेव्हा ते म्हणाले, नाव सांभाळ. मी गेले. सुईण वेळेवर पोचली.”

दिराचा वकील ताडकन उठला. “ऐका, महाराज! नाव तुझी, असं नावाडी म्हणालाच नाही. सांभाळ म्हणाला. सांभाळायचं ते दुसऱ्याचं. गुराखी गुरं सांभाळतो, म्हणून ती काय त्याची होतात?”

नावाडीण पुसत्या दगडावर चढली. “बाई, आई लेकरू सांभाळते. ते दुसऱ्याचं असतं का?”

उतरून, बसून, ती म्हणाली, “नसतं.”

आता सभा तिच्या बाजूने हसली. न्यायाधीशही हसले. तिथेच थांबली असती तरी चालले असते. पण ती पुन्हा उठली. या खेपेला पदर खोचायचा राहिला.

“बाई,” तिने विचारले, “तो शब्द नेहमीसाठी होता, की त्या एका खेपेपुरता?”

वकील चमकला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

नावाडीण सांगत्या दगडावर बसली. “ठाऊक नाही. मी परत आले तेव्हा विचारायला ते नव्हते.”

आता कुणी हसले नाही. मघाशी शिडीची थट्टा करणाऱ्याने मान खाली घातली.

न्यायाधीशांनी दिराला पुढे बोलावले. “वकील राहू द्या. आता तुम्हीच पुसा आणि तुम्हीच सांगा.”

नावाडीण उठून बाजूला झाली आणि दीर पुसत्या दगडावर चढला. घसा खाकरून तो म्हणाला, “दादाने तुला नाव दिली का?”

प्रश्न तर विचारून झाला. पण समोरच्या रिकाम्या दगडाकडे तो बघतच राहिला. अखेर तो खाली उतरला आणि कसाबसा बसला.

“मी मागितली होती,” तो म्हणाला. “दादा नुसता हसला.”

“हसणं म्हणजे होकारच, महाराज!” वकील घाईघाईने म्हणाला.

“वकीलबुवा, तुम्ही दादाचं हसू पाहिलेलं नाही,” दीर म्हणाला. मग नावाडिणीकडे वळून त्याने हळूच विचारले, “वहिनी, त्याला नाही म्हणायचं असलं की तो तसाच हसायचा ना?”

“हो, भावजी,” ती म्हणाली. हे उत्तर तिने दगडावर न बसताच दिले, आणि कुणी तिला हटकले नाही.

न्यायाधीश म्हणाले, “दावाच उरला नाही. नाव बाईंची, उतारही बाईंचा.”

मग त्यांनी विचारले, “बाई, आणखी काही पुसायचं आहे?”

नावाडीण पुसत्या दगडाला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. “नाही,” ती म्हणाली.

बाहेर पडताना वकील तिच्याजवळ आला. “बाई, मी तुमच्या बाजूने असतो तर तो खेपेचा प्रश्न तुम्हांला कधीच विचारला नसता.”

“तुम्ही विचारला नसता,” ती म्हणाली, “तरी मला तो ऐकू आलाच असता.”

संध्याकाळी तिने दिराला आपल्याच नावेतून पलीकडे सोडले. पुढे त्या राज्यात कुणी स्वतःची बाजू स्वतः मांडायला उभा राहिला, की लोक त्याला एवढेच सांगत, “दोन्ही दगडांवर जाऊन ये.”

तात्पर्य: जो अवघड प्रश्न आधी स्वतःला विचारतो, त्याच्या शब्दाला दुसऱ्याच्या तोंडाची गरज पडत नाही.

नावाडिणीचा एक प्रश्न मात्र राहिला. ती हाक आली तेव्हा त्यांचा हात सोडून तू का उठलीस, हे तिने स्वतःला विचारले नाही.