बांधावरचा लव्हाळा

एका गावात एक थोरली जाऊ धुणं घेऊन ओढ्यावर गेली, तर बायका तिच्याच धाकट्या दिराबद्दल बोलत होत्या. "रोज सकाळी बांध सरकवतोय म्हणे, आणि तोही..." तिला बघितलं आणि सगळ्या कपडे आपटायला लागल्या.

पुढचं तिने घरी येईपर्यंत स्वतःच जुळवलं. जुळवतो हो आपण सगळेच.

दोघा भावांची भाताची खाचरं एकाखाली एक. वरचं थोरल्याचं, खालचं धाकट्याचं, मधे एकच बांध. बायकोचं ऐकून थोरला बघायला गेला, तर बांधाला ताजी माती थापलेली आणि तिच्यात ओढ्याकाठच्या लव्हाळ्याचे ठोंब रोवलेले.

"बांध खातोय तो खातोय, वर माझ्या भातात गवत घुसवतोय," थोरला म्हणाला.

"एकदा विचारा तरी त्याला," बायको म्हणाली. आता तिलाच धाकधूक वाटत होती.

"काय विचारायचं? दिसतंय की."

ज्याला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्याच्याशी एक शब्द न बोलता त्याने हाताला लागतील तेवढे ठोंब उपटून टाकले.

दोन दिवसांनी जोराची सर आली. ठोंब उपटले होते, नेमका तिथेच बांध फुटला. भात पोटरीत आलेलं. खाचरातलं पाणी गेलं तर दाणा भरायचा नाही, वर्षाचं अन्न जायचं. थोरला फावडं घेऊन धावला.

धाकटा आधीच तिथे होता. फुटलेल्या जागी पाठ लावून चिखलात बसला होता.

"दादा, बघत काय राहिलास? ते ठोंब दे इकडे. मुळं माती धरून ठेवतात."

थोरल्याने आपणच उपटलेले ठोंब एकेक करून त्याच्या हातात दिले. पाणी थांबलं.

"खेकड्यांनी बांध पोखरला होता," धाकटा म्हणाला. "रुंद करायचा तर कुणाची तरी जमीन जाणार. माझी घातली."

"मला सांगायचंस की."

"तू घालू दिली असतीस होय?"

थोरल्याने धाकट्याच्या पाठीवरचा चिखल हाताने पुसला, जरा जास्तच वेळ.

म्हणजे बांध सरकला होता, हे खरंच. पण सरकला होता तो धाकट्याच्या शेतात.

तात्पर्य: अर्धी ऐकलेली गोष्ट मनाने पुरी करू नये, ज्याची गोष्ट आहे, त्याच्याजवळ जाऊन बसावं.